वाद्यांविना गाणे

‘जिप्सी’ हा शब्द मराठी वाचकाला बहुधा मंगेश पाडगावकरांच्या कवितेत भेटतो. तेथे ते मनातल्या भटकेपणाचे नाव आहे. ज्यांना युरोपने हे नाव दिले ते रोमा मात्र रूपक नव्हेत. त्यांच्या संगीताला इतिहास आहे, आणि त्या इतिहासात त्यांच्याविषयी इतरच अधिक बोलले आहेत.

हंगेरीचे राष्ट्रीय संगीत ही मूलतः रोमांचीच निर्मिती होय, असे फ्रान्झ लिस्टने १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच ग्रंथात प्रतिपादले. १९३१ साली बेला बार्टोकने ते खोडून काढले: रोमा वादक ज्या चाली वाजवतात त्या हंगेरियन रचनाकारांच्या आहेत. वाद चालला तो व्हायोलिन वाजवणाऱ्या व्यावसायिक ताफ्यांविषयी. खुद्द बार्टोकने मात्र एक महत्त्वाची नोंद केली आहे. रोमांचे स्वतःचे संगीत आहे. पण ते खेड्यांतील, वादनाचा व्यवसाय नसलेले रोमा आपल्या भाषेत गातात, आणि ताफे ते वाजवत नाहीत.

हंगेरीतील व्लाख रोमांच्या या गाण्यांचे मुख्य प्रकार दोन. ‘लोकी जिली’ म्हणजे संथ गीत. त्याला बांधलेला ताल नसतो. चाल बोलण्याच्या लयीने वरून खाली उतरते, ओळीचा शेवटचा स्वर लांबतो आणि तेथे भोवतीची मंडळी आवाज मिळवतात. गाण्यापूर्वी गायक उपस्थितांची अनुमती मागतो. १९८० च्या दशकात या लोकांत राहिलेले मानवशास्त्रज्ञ मायकेल स्ट्युअर्ट सांगतात की, असे गाणे म्हणजे त्यांच्या लेखी ‘खरे बोलणे’ होय.

दुसरे ‘खेलिमास्की जिली’, नाचाचे गीत. येथे कंठच वाद्य होतो. एक जण निरर्थक अक्षरे झरझर घोळवतो, दुसरा घशातून खर्जातले आघात देतो, तेही मुख्य ठोक्यांच्या मधल्या जागी. सोबतीला टाळ्या, चुटक्या, चमचे, पाण्याची घागर.

‘खेलिमास्की’मधला ‘खेळ’ मराठी कानाला ओळखू येतो. रोमानी ही भारतीय-आर्य कुळातील भाषा आहे, हे रूडिगर आणि ग्रेलमान यांनी १७८२-८३ मध्येच दाखवून दिले होते. परंतु भाषेचे नाते सिद्ध झाले म्हणून चालींचे नातेही सिद्ध होत नाही. ही गाणी आपली ठरवण्याची घाई केली, तर आपण लिस्टचीच चूक उलट दिशेने करू.

१९७८ साली बुडापेस्टमध्ये ‘काल्यी याग’ हा रोमा गायकांचा संच स्थापन झाला आणि घरगुती बैठकीतले हे गाणे रंगमंचावर आले. त्याच्या नावाचा अर्थ ‘काळी आग’. तोवर लिस्टच्या ग्रंथाला एकशे एकोणीस वर्षे झाली होती. गाणे त्याआधीही होतेच. हाती व्हायोलिन नसलेल्या माणसाकडेही संगीत असू शकते, हे ऐकणाऱ्यांना उशिरा सुचले. मौखिक साहित्याच्या अभ्यासकाने हा उशीर विसरू नये.