निशाणी डावा अंगठा

ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला की बीड जिल्ह्यात दोन प्रकारचे अंगठे उठतात. एक मुकादमाच्या उचलीच्या कागदावर, शाईचा. दुसरा बँक मित्राच्या यंत्रावर, बिनशाईचा. पहिल्याने कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पुढच्या पाच-सहा महिन्यांसाठी बांधली जाते. दुसऱ्याने खात्यातले हजार-पंधराशे हातात येतात. दोन्ही अंगठ्यांचं मूळ एकाच संशयात आहे : हा माणूस उद्या कानांवर हात ठेवेल.

अंगठ्याआधी आपल्याकडे नुसती निशाणी होती. लिहिता न येणारा पाटील महजरावर, म्हणजे गोतसभेच्या निवाड्याच्या कागदावर, नांगर काढी, बलुतेदार आपापल्या धंद्याचं हत्यार काढीत आणि लिहिणारा बाजूला नाव घाली. नांगर काय, कोणीही काढील, हे त्या लोकांनाही कळत होतंच. पण कागदाची राखण भोवती बसलेली गोतसभा करायची. दहा जणांच्या देखत काढलेला नांगर नाकबूल करणं सोपं नव्हतं आणि न काढलेला नांगर कोणाच्या माथी मारणंही सोपं नव्हतं.

इंग्रजी कोर्टांनी ही ‘देखत’ मोडीत काढली. कोर्टापुढे रोखा बोलू लागला आणि रोखा असायचा सावकाराच्या पेटीत. आत काय लिहिलंय, आकड्यावर शून्य कधी चढलं, हे कुणब्याला जप्ती आल्यावरच कळे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला बाजारच्या दिवशी दंगा उसळला, तो नगर जिल्ह्यापर्यंत पसरला. दंगेकऱ्यांचा रोख सावकाराच्या जिवावर फारसा नव्हता. त्यांना कर्जरोखे हवे होते, जाळायला. मग 1879चा दख्खन शेतकरी कायदा आला. शेतकऱ्याचा कर्जाचा कागद गावच्या निबंधकासमोर व्हावा, त्याला वाचून दाखवावा, मगच त्याची निशाणी घ्यावी, अशी तजवीज त्यात केली. माझ्या मते आपल्याकडचा बँक-फसवणुकीविरुद्धचा पहिला शहाणा नियम हाच; कारण तो अंगठेवाल्याच्या बाजूने विचार करणारा होता. तो लागू झाला पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना. बीडमधल्या आष्टीपासून नगरची हद्द हाकेवर, पण बीड तेव्हा निजामाकडे.

अंगठ्याची कुळी मात्र दुसरीकडची, बंगालमधली. 1858च्या जुलैमध्ये मुर्शिदाबाद जिल्ह्यातल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाचा तरुण गोरा अंमलदार राज्यधर कोनाई या कंत्राटदाराशी रस्त्याच्या मालाचा करार करत होता. त्याने कोनाईचा पंजा सरकारी शिक्क्याच्या तेलकट शाईने माखला आणि कराराच्या मागे उठवून घेतला. कोनाईला सही येत नव्हती म्हणून हा उद्योग झाला नाही. पुढे सही नाकारायचं धाडस त्याला होऊ नये, एवढाच हेतू होता. तसं हर्शेलने मागाहून स्वतःच लिहून ठेवलं आहे. रेषा कशा जुळवायच्या हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं! दहशत बसली म्हणजे झालं. रेषा आयुष्यभर बदलत नाहीत, हे त्याला वर्षानुवर्षं ठसे गोळा केल्यावर उमगलं. 1877 साली हुगळीला त्याने पेन्शनरांचे ठसे घ्यायला सुरुवात केली, कारण मेलेल्यांची पेन्शनं जिवंत माणसं उचलत होती. दस्तनोंदणीलाही ठसे लावले. आज निराधार योजनेच्या यादीत मयत लाभार्थी सापडल्याची बातमी वाचताना हुगळीच्या त्या कचेरीची आठवण यावी, इतका हा रोग जुना आहे.

1897 साली कलकत्त्यात ठशांचं दप्तर उघडलं. ठसे वर्गवार लावायची रीत जगात एडवर्ड हेन्रीच्या नावाने गेली. तिचं किचकट गणित बसवणारे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस मात्र हाताखालच्या माणसांच्या ओळीत राहिले. 1899 साली ठशाला पुराव्याच्या कायद्यात जागा मिळाली आणि अंगठा तहसिलीत, पोस्टात, बँकेत कायमचा बसला.

आता डावाच का? उजव्या हाताला काम जास्त, त्याच्या रेषा आधी झिजतात, म्हणून डावा घ्यावा असं सांगतात. हा हिशेब ऊसतोडीला लागू पडत नाही. तोडणाऱ्याच्या उजव्या हातात कोयता असतो आणि डाव्या मुठीत ऊस. त्याची कुसळं, पाचटाच्या करवती कडा, मोळी बांधतानाचा काच, हे सगळं डाव्या हाताच्या वाट्याला येतं. हंगाम करून आलेल्या बाईचा डावा अंगठा पाहावा. त्यावर रेषांपेक्षा चिरा जास्त. यंत्राला त्यात ओळख सापडत नाही. “लागंना की मावशी, हात पुसून परत ठिवा,” असं तिला ऐकावं लागतं. ती पदराला हात पुसते, परत ठेवते.

या ‘परत ठिवा’मध्ये सगळ्यात सोपी चोरी लपलेली आहे. आधार जोडलेल्या खात्यातून गावातल्या गावात पैसे काढायला तीन गोष्टी पुरतात : आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि अंगठा. पिन नाही, ओटीपी नाही. शहरी माणसाच्या ऑनलाइन कार्डखरेदीला रिझर्व्ह बँकेने 2009 सालीच दुसरी चावी सक्तीची केली. खेड्यातल्या अंगठ्याला ती लावली नाही, कारण मोबाइल नसलेल्यालाही पैसे मिळावेत. हेतू चांगला होता. पण कधी पहिलाच अंगठा लागलेला असतो, पैसे निघालेले असतात आणि ‘सर्व्हर डाऊन हाय, उद्या या’ म्हणून मावशीला वाटेला लावलेलं असतं. किंवा दोनदा अंगठा, दोनदा रक्कम आणि हातात एकदाचीच. पावती मागायची असते हे मावशीला कोणी सांगितलेलं नसतं. सगळे बँक मित्र असे नाहीत. तुटपुंज्या कमिशनवर भर उन्हात म्हाताऱ्यांच्या दारी यंत्र नेणारेही आहेत. पण वाईट माणसाला रोखणारं त्या टेबलाशी कोणी बसलेलं नसतं. गोतसभा नाही आणि निबंधकही नाही.

दुसरी चोरी जरा कलाकुसरीची. नोंदणी कायद्याच्या 2001च्या दुरुस्तीने जमिनीच्या खरेदीखतावर फोटो आणि बोटांचे ठसे आले, तोतया उभा करून जमीन विकू नये म्हणून. पुढे काही राज्यांनी दस्त संकेतस्थळावर टाकले. बंदोबस्तासाठी घेतलेला अंगठा असा चव्हाट्यावर आला. 2018 साली तेलंगणात एकाने तिथून ठसे उतरवून रबरी शिक्क्यांच्या यंत्रावर बोटं तयार केली आणि सिमकार्डं चालू केली. मग याच नकली बोटांनी ठिकठिकाणी खाती रिकामी होऊ लागली. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. अंगठा फुटला तर काय करणार?

2023 साली आधार प्राधिकरणाने बोट जिवंत आहे की साच्यातलं, हे ओळखणारी तपासणी बसवली. बायोमेट्रिक कुलूपबंद करायची सोयही आहे, आधारच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर. पण अंगठा तोच आणि रेशन दुकानातलं यंत्रही तोच मागतं. कुलूप लावून कारखान्यावर गेलेल्याच्या घरी म्हातारी धान्य उचलायला गेली तर तिचा स्वतःचा अंगठा चालतो. तिचंही कुलूप लावलं असेल तर ती तिथे अडते. मग ते उघडायला नातवाचा मोबाइल आणि नातू पुण्याला. म्हणून गावात कुलपाच्या भानगडीत फारसं कोणी पडत नाही.

27 जून 2025च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेची नजर अखेर टेबलाच्या पलीकडे गेली. यंत्र चालवणाऱ्याचीच कसून ओळख पटवा, तीन महिने व्यवहार न केलेल्याला पुन्हा तपासल्याशिवाय काम देऊ नका, असं 1 जानेवारी 2026पासून बँकांना बंधनकारक झालं. अंगठा देणाऱ्यावर दीडशेहून अधिक वर्षं संशय घेतला. अंगठा घेणाऱ्याची पाळी इतक्या उशिरा आली.

बीडच्या दृष्टीने खरी अडचण यापुढे आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2017च्या नियमाप्रमाणे ना बँकेची ना आपली, तिसऱ्याच्याच चुकीने पैसे गेले आणि बँकेचा निरोप आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर खातेदाराला तोशीस नाही. चार ते सात कामकाजी दिवस लागले तर साध्या मूळ बचत खात्याला 5,000 रुपयांपर्यंतची झळ. त्यापुढे बँकेचं धोरण. सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर तर जितक्या लवकर फोन, तितकी रक्कम वाटेत अडण्याची आशा. बँकेचा निरोप म्हणजे मेसेज. तो जातो खातं उघडताना दिलेल्या नंबरवर. तो नंबर कधी भाच्याचा असतो, कधी बंद पडलेल्या सिमचा. खातेदार कोल्हापूरकडे फडात. पासबुक भरून घ्यायला त्याला सवड मिळते ती पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये. पैसे गेलेले असतात मार्गशीर्षात. बँकेच्या नोंदीत अंगठा जुळलेला आहे आणि मेसेज पोचलेला आहे. नियमाने सिद्ध करायचं ओझं बँकेवर, पण प्रत्यक्षात आपण पैसे काढले नाहीत हे पटवायची पाळी त्याच्यावरच, आणि नाकबूल होता येऊ नये यासाठीच तर कोनाईचा पंजा शाईत बुडवला होता.