न दिसणाऱ्या जखमा : शेल शॉकपासून बालकांच्या मानसोपचारापर्यंत

१/ फेब्रुवारी १९१५. ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स यांचा लेख प्रसिद्ध झाला. तोफगोळे जवळ फुटल्यानंतर रुग्णालयात आलेल्या तीन सैनिकांची ती हकिगत होती. अंगावर मोठी जखम नव्हती. तरी दृष्टी अंधुक झाली होती, गंध आणि चव कळेनाशी झाली होती, स्मृती हरपली होती. या अवस्थेला लेखात नाव होते ‘शेल शॉक’.

२/ स्फोटाच्या हादऱ्याने मेंदूला इजा होत असावी, असा प्रारंभी तर्क होता. परंतु ज्यांच्याजवळ एकही गोळा फुटला नव्हता, अशा सैनिकांतही तीच लक्षणे दिसू लागली. मग ही जखम की भित्रेपणा? १९१७ मध्ये सैन्याने आघाडीवर हा शब्द वापरण्यासच मनाई केली. रुग्ण मात्र येतच राहिले. युद्ध संपेपर्यंत ब्रिटिश सैन्यात अशा रुग्णांची संख्या सुमारे ८०,००० वर गेली.

३/ निदानाचा हा घोळ जिवावर बेतणारा होता. हॅरी फार हा सैनिक १९१५ मध्ये शेल शॉकमुळे पाच महिने रुग्णालयात होता. पुढच्या वर्षी त्याने आघाडीवर जाण्यास नकार दिला. लष्करी न्यायालयाने त्याला भ्याड ठरवले आणि ऑक्टोबर १९१६ मध्ये त्याच्याच सैन्याने त्याला गोळ्या घातल्या. पलायन, भ्याडपणा अशा आरोपांखाली देहदंड झालेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटनने माफी दिली, ती २००६ मध्ये!

४/ उपचारांचीही तऱ्हा निराळी नव्हती. लंडनमध्ये डॉ. लुईस येलँड यांच्याकडे नऊ महिने वाचा गेलेला एक सैनिक आला. येलँड यांनी खोलीचे दार बंद केले, त्याच्या घशाला विजेचे धक्के दिले आणि बोलल्याखेरीज बाहेर सोडणार नाही, असे बजावले. काही तासांनी तो बोलू लागला. १९१८ च्या आपल्या ग्रंथात येलँड यांनी हे यश म्हणून नोंदवले. वाचा परतली, ती का गेली होती, हे विचारण्याची त्यांना गरज भासली नाही.

५/ तो प्रश्न विचारणारे डॉक्टर होते डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स. ते मानववंशशास्त्रज्ञही होते. निलगिरीतील तोडा समाजात राहून त्यांनी १९०६ मध्ये ‘द तोडाज’ हा ग्रंथ सिद्ध केला होता. परक्या माणसाचे म्हणणे शांतपणे ऐकून घेण्याची त्यांची सवय युद्धकाळात कामी आली. १९१६ च्या अखेरीस ते एडिंबराजवळील क्रेगलॉकहार्ट या लष्करी रुग्णालयात रुजू झाले.

६/ रुग्णांना जो तो एकच सल्ला देई : झाले गेले विसरून जा. रुग्णही दिवसभर त्या आठवणी दूर लोटत. रात्री त्याच आठवणी भयस्वप्ने होऊन येत. रिव्हर्स यांनी डिसेंबर १९१७ मधील व्याख्यानात मांडले, की आठवण दाबून ठेवण्याचा हा अट्टहासच आजाराला बळ देतो. आठवणींत अखंड बुडून राहावे, असेही त्यांचे मत नव्हते. जे घडले त्याकडे पाहावे, त्याविषयी बोलावे आणि त्यातून सोसता येईल असा अर्थ शोधावा, ही त्यांची पद्धती होती.

७/ एका अधिकाऱ्याला आपल्या मित्राचे छिन्नविच्छिन्न शव सापडले होते. तेच दृश्य रोज स्वप्नात येई. रिव्हर्स यांनी त्याच्या ध्यानात आणून दिले, की देहाची ती अवस्थाच सांगते, मित्राला क्षणात मरण आले. त्याला यातना झाल्या नाहीत. त्यानंतर स्वप्न बदलले. तो स्वप्नात मित्राशी बोलू लागला, त्याच्यासाठी शोक करू लागला.

८/ प्रत्येक आठवणीला अशी दिलासा देणारी बाजू असतेच असे नाही. दुसरा एक अधिकारी स्फोटाने उडून एका जर्मन सैनिकाच्या कुजलेल्या प्रेतावर तोंडघशी पडला होता. त्या अनुभवात आधार घेण्याजोगे काहीही सापडले नाही. रिव्हर्स यांनी त्याला आठवणी उकरण्याचा आग्रह केला नाही. पूर्वी ग्रामीण परिसरात त्याला बरे वाटे. सैन्य सोडून त्याने तिकडे जावे, असे ठरले.

९/ या सहृदय उपचाराला दोन मर्यादा होत्या. क्रेगलॉकहार्ट केवळ अधिकाऱ्यांसाठी होते. शिवाय बरा झालेला रुग्ण पुन्हा युद्धावर धाडणे, हेच डॉक्टरांचे कर्तव्य होते. तेथील दोन कवी-रुग्णांपैकी सिगफ्रीड ससून आघाडीवर परतून डोक्याला गोळी लागूनही वाचले. विल्फ्रेड ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्धविरामाच्या एक आठवडा आधी मारले गेले.

१०/ दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब नागरी वस्त्यांवर पडू लागले आणि लहान मुलांच्या मनाचा प्रश्न पुढे आला. १९४१ मध्ये ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात युद्धग्रस्त मुलांसाठी संगोपनगृह सुरू केले. त्यांचे निरीक्षण अनेकांना अनपेक्षित होते : आई शांतपणे जवळ असेल, तर मूल बॉम्बहल्लाही बरेचसे निभावून नेई, आईची ताटातूट त्याला अधिक मोडून टाकी.

११/ निरीक्षणानुसार व्यवस्थाही बदलली. मुलांचे छोटे ‘परिवार’ करून प्रत्येक परिवाराला आईच्या जागी एक ठरावीक सेविका देण्यात आली. आपल्या हक्काचे माणूस मिळाल्यावर मुलांनी आधी रडारड, हेवेदावे मांडले. पण हळूहळू त्यांची वाढ पुन्हा मार्गी लागली.

१२/ १९४५ मध्ये टेरेझिनच्या नाझी छावणीतून सुटलेली सहा अनाथ मुले इंग्लंडमधील ‘बुलडॉग्ज बँक’ या घरी आली. वये तीन-चार वर्षांची. ती खेळणी मोडत, मोठ्यांना चावत, थुंकत. एकमेकांना मात्र क्षणभरही सोडत नसत; घास आधी दुसऱ्याला मिळाला की नाही, ते पाहत. ॲना फ्रॉइड आणि सोफी डॅन यांनी १९५१ मध्ये ही हकिगत प्रसिद्ध केली. आईवडील गमावलेल्या त्या मुलांना एकमेकांच्या सोबतीने तारले होते.

१३/ पुढे व्हिएतनाम युद्धातील सैनिकांनी आपले अनुभव गटागटांत बसून सांगण्यास प्रारंभ केला. स्त्री-चळवळीने अत्याचारपीडितांचा आवाज पुढे आणला. १९८० मध्ये ‘पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’ (पीटीएसडी) या नावाने अमेरिकी निदानसंहितेत या आजाराची नोंद झाली. मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांच्या उपचारपद्धतीत रुग्ण सुरक्षित वातावरणात तीच आठवण पुनःपुन्हा सांगतो. हळूहळू तिची धार बोथट होते.

१४/ मुलांसाठीच्या आघातकेंद्रित वर्तनोपचारात मूल आधी भीती आवरण्याचे उपाय शिकते. मग बोलून, लिहून किंवा चित्रे काढून आपली कहाणी थोडी थोडी सिद्ध करते. दरम्यान उपचारक पालकांचीही तयारी करून घेतो. कारण मुलाची कहाणी ऐकताना त्यांनी कोसळून चालणार नसते. शेवटी एके दिवशी मूल ती कहाणी आईला किंवा बाबांना वाचून दाखवते आणि ते ती पुरती ऐकून घेतात.