वजनाचे प्रमाण व स्वराचे प्रमाण : एका दंतकथेचा विचार

पायथागोरस लोहाराच्या दुकानावरून जात असता हातोड्यांचे ध्वनी त्यास सुसंवादी वाटले. त्याने हातोडे तोलून पाहिले, तेव्हा त्यांची वजने 12, 9, 8 व 6 या प्रमाणात भरली, ही कथा पाश्चात्त्य संगीतशास्त्राच्या बहुतेक जुन्या ग्रंथांत आढळते. इसवी सनाच्या 100 च्या सुमारास निकोमाकसने ती नमूद केली, 500 च्या सुमारास बोईथियसने लॅटिनमध्ये आणली, आणि पुढे सुमारे हजार वर्षे ती निर्विवाद मानली गेली. गाफुरियोच्या 1492 साली मिलान येथे छापलेल्या ग्रंथात तर तारांना वजने टांगून स्वर ऐकणारा पायथागोरस चित्रितच केला आहे. ज्या कृतीचे चित्र काढले ती कृती करून पाहण्याची तसदी मात्र कोणी घेतलेली दिसत नाही.

कारण ती केली असती तर कथा तेथेच कोसळली असती. तारेची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते. दुप्पट लांबीची तार एक सप्तक खाली बोलते हे खरे. परंतु दुप्पट वजन टांगल्याने सप्तक वर जात नाही, त्यास चौपट वजन लागते. विन्चेन्झो गॅलिली याने 1589 मध्ये हे प्रसिद्धपणे मांडले, आणि 1636 मध्ये मर्सेनने त्यास सर्वसामान्य नियमाचे रूप दिले.

उदाहरणादाखल 6 शेर वजनाने ताणलेल्या तारेचा स्वर षड्ज मानावा. पंचमासाठी 9 शेर नव्हे, साडेतेरा शेर हवेत. तार षड्जासाठी 12 नव्हे, 24 शेर. दशमान पद्धती आल्यावर (त्यासंबंधीचा कायदा 1956 चा) 80 तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे 933 ग्रॅम झाला. त्या हिशेबाने हेच आकडे अनुक्रमे 5.6, 12.6 व 22.4 किलोग्रॅम होतात. शेराचे किलो केल्याने प्रमाणात रेसभरही फरक पडत नाही. वजनाच्या प्रमाणास स्वराचे प्रमाण समजण्यात मात्र सगळा घोटाळा झाला. पहिले रूपांतर केवळ एककाचे, दुसरे राशीचे.

मग कथेतील 12 शेरांची तार कोणता स्वर देईल? 2 चे वर्गमूळ म्हणजे 1.4142 पट, अर्थात तीव्र मध्यम. येथे दैवाची थट्टा अशी की, पूर्णांकांच्या प्रमाणांवर ज्यांचे विश्व उभे होते त्या पायथागोरसच्या अनुयायांच्या कथेतून नेमकी पूर्णांकांत न मांडता येणारी संख्या बाहेर पडते.

आणि ती संख्या स्वरशास्त्राच्या एका जुन्या अडचणीच्या ऐन मध्यावर बसते. षड्जापासून पंचमाचे सहा टप्पे वर चढत गेल्यास व सप्तकात आणल्यास 1.4238 पट स्वर मिळतो. सहा टप्पे खाली उतरल्यास 1.4047 पट. पाश्चात्त्य लेखनात षड्ज सी धरला तर पहिला एफ शार्प, दुसरा जी फ्लॅट. वजनात सांगावयाचे तर पहिल्यास सुमारे 973 तोळे लागतील व दुसऱ्यास 947. म्हणजे 26 तोळ्यांचा, सुमारे 303 ग्रॅमचा फरक. बारा समान भागांच्या सप्तकात हे दोन्ही स्वर मोडून एकाच पट्टीवर बसविले गेले, व ती पट्टी 960 तोळ्यांवर, म्हणजे कथेतील 12 शेरांवरच, येते. अशा एकध्वनी, द्विनामी स्वरांस एन्हार्मॉनिक म्हणतात. ग्रीकांकडे हाच शब्द पाव स्वरांसारखी अतिसूक्ष्म अंतरे वापरणाऱ्या स्वररचनेस लावीत. सूक्ष्म भेद दाखविणारा शब्द भेद पुसण्याच्या कामी आला, हे शब्दार्थाच्या इतिहासातले एक नवलच होय.

भारतीय परंपरेने तराजू हाती घेतला नाही. भरताने दोन वीणा घेऊन, एक अचल ठेवून दुसरी क्रमाक्रमाने उतरवून श्रुतिभेद कानाने निश्चित केला. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानेही बावीस तारांचे वर्णन करताना आकडा दिला नाही. सतराव्या शतकातील अहोबलाने ‘संगीतपारिजाता’त प्रथम वीणेच्या तारेची लांबी मापाने सांगितली. 36 एककांची तार घेतल्यास त्याचा मध्यम 27 वर, पंचम 24 वर, तार षड्ज 18 वर येतो. म्हणजे 12, 9, 8, 6 हेच प्रमाण! लोहाराच्या दुकानात जे खोटे ठरते ते वीणेच्या दांडीवर अक्षरशः खरे आहे.

विसाव्या शतकात हा प्रश्न महाराष्ट्रात पुन्हा उभा राहिला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 मध्ये बावीस श्रुतींची गणिती प्रमाणे प्रसिद्ध केली. अब्दुल करीम खाँ यांचे साहाय्य त्यांस लाभले, आणि क्लेमेंट्स यांच्या सहकार्याने श्रुतींची स्वतंत्र पट्ट्यांनी सोय असलेली पेटीही तयार झाली. भातखंडे यांना हे गणित मान्य नव्हते. देवलांचे आकडे लांबी व कंपनसंख्या यांवर आधारलेले असल्याने निकोमाकसची चूक त्यांत नाही, हे त्यांच्या श्रेयाचेच आहे. परंतु भरताने जेथे कान ठेवला तेथे अपूर्णांक ठेवताना, दरबारीच्या आंदोलित गांधारास कोणता एक आकडा द्यावयाचा, या शंकेचे उत्तर त्या कोष्टकात सापडत नाही. बारा पट्ट्यांची पेटी मात्र बैठकीत टिकली. 1940 साली आकाशवाणीने तिच्यावर घातलेली बंदी 1971 पर्यंत चालली, आणि त्या काळातही गावोगावच्या भजनांत 960 तोळ्यांचाच तीव्र मध्यम वाजत राहिला.