शिशाच्या सीलपासून रिकॉलच्या पत्रापर्यंत

रे रोड स्टेशनाच्या पूर्वेला, मुंबईतल्या माझगावच्या दारूखाना भागात ट्रक बिघडला की पूर्वी मिस्त्री आवाजावरून दोष सांगायचा. काळा धूर असेल तर डिझेल जास्त जातंय, गाडी खोकत चालू झाली तर नोझल तपासा. जहाजं फोडणाऱ्या आणि लोखंड विकणाऱ्या या बंदरकाठावर यंत्राचा दोष हाताने पकडणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या तयार झाली. तो दोष त्यांच्या हातून कसा निसटला, याचा मागोवा घ्यायला हवा.

शेजारच्या शिवडीत जनरल मोटर्सने १९२८ मध्ये गाड्यांची जोडणी सुरू केली, तो जमाना पेट्रोलचा. डिझेल ट्रक आपल्याकडे खऱ्या अर्थाने रुळला तो १९५४ नंतर, टाटा आणि डाइमलर-बेंझ यांच्या जमशेदपूरच्या कारखान्यातून. त्या इंजिनाची अक्कल डिझेल पंपात होती. पंपातल्या गव्हर्नरची वजनं वेग वाढला की बाहेर फेकली जात, दांडी मागे सरे आणि डिझेल कमी होई. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला लावलेली तीच युक्ती. डिझेलची कमाल मर्यादा बांधून कारखाना पंपाला शिशाचं सील मारायचा. जादा माल घेऊन घाट चढायचा म्हणून कित्येक मालक ते सील तोडून घेत. चूकच होती ती, त्या धुराने रस्त्यावरच्या माणसांच्या छात्या भरल्या. पण तुटलेलं सील डोळ्यांना दिसत तरी होतं.

धुराचे नियम कडक झाले आणि पंपाची अक्कल इंजिनाच्या कंट्रोल युनिटकडे, म्हणजे ईसीएमकडे गेली. भारत स्टेज चार मुंबईत २०१० मध्ये आणि देशभर २०१७ मध्ये आलं, भारत स्टेज सहा एप्रिल २०२० मध्ये. हवेसाठी हे आवश्यकच होतं. मात्र आता एखादा सेन्सर चुकीचा आकडा देतो, खाऱ्या वाऱ्याने कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात किंवा प्रोग्रॅमच चुकलेला असतो, आणि बोरघाट चढताना भरलेल्या ट्रकची ताकद अचानक उतरते. मागून दुसरी गाडी येतच असते. इंजिन पूर्ण बंद पडलं तर स्टिअरिंग जड होतं आणि कॉम्प्रेसर ब्रेकच्या टाक्यांत हवा भरणं थांबवतो. ड्रायव्हरसमोर फक्त एक दिवा पेटलेला असतो.

ईसीएमच्या या पेटीत दोषच नव्हे, लबाडीही लपते. ऑक्टोबर १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने जड डिझेल इंजिनांच्या सात उत्पादकांशी तडजोड केली. चाचणीत नियम पाळायचे आणि महामार्गावर जास्त नायट्रोजन ऑक्साइड सोडायचं, असं त्यांच्या इंजिनांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये बसवलेलं होतं. सुमारे तेरा लाख इंजिनांचा तो प्रश्न होता. असलं सील कुठलाही मिस्त्री डोळ्यांनी पाहू शकला नसता.

म्हणून रिकॉल हवा, म्हणजे सदोष गाड्या कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावणं. अमेरिकेत त्याचा कायदा १९६६ चा. आपल्याकडे वाहन उत्पादकांची ऐच्छिक संहिता २०१२ मध्ये आली, मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ २०१९ च्या दुरुस्तीने आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून सदोष गाड्या परत बोलवायला लावण्याचा अधिकार केंद्राला मिळाला. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरता. माझ्या मते ही मर्यादा ट्रकला अपुरी आहे. ट्रक त्याहून कितीतरी जास्त वर्षं धावतो आणि तोवर दोन-तीन मालक बदलतो.

रिकॉलचं पत्र जातं ते कागदावरच्या नावाला. म्हणून जुना ट्रक घेणाऱ्या प्रत्येकाला कळकळीची विनंती: आरसीवर आपलं नाव आणि चालू मोबाइल नंबर लगेच चढवा, चासी नंबर सांगून कंपनीच्या वर्कशॉपमध्ये त्या गाडीचा रिकॉल बाकी आहे का ते विचारा, आणि ड्रायव्हर दिवा पेटल्याचं सांगेल तेव्हा त्याला पुढची खेप करायला लावू नका.