विनायक कोंडदेव ओक : चरित्रांतून स्वोन्नती

वाङ्मयेतिहासात विनायक कोंडदेव ओकांची (१८४०-१९१४) बोळवण बहुधा बालसाहित्याच्या प्रकरणातील दोन-चार ओळींत होते. ओक मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील हेदवीचे. शिक्षणखात्यात नोकरी केली. १८८१ साली ‘बालबोध’ मासिक काढले. एवढे सांगून इतिहासकार पुढे सरकतो. परंतु हे मासिक ओकांनी अखेरपर्यंत, तेहतीस वर्षे चालविले. चरित्र, कविता, निबंध आणि एखादा शास्त्रीय विषय असा अंकाचा ठरलेला शिधा असे. नुसत्या चरित्रांचीच संख्या चारशेच्या घरात जाते.

आमच्या मते मराठीतील स्वोन्नतिपर लेखनाचा उगम शोधावयाचा तो येथे. यत्नाचा उपदेश मराठीस नवा नव्हता. ‘दासबोध’ त्याने भरलेला आहे. ओकांनी उपदेशाच्या जागी दाखला ठेवला. अमुक मुलगा गरीब होता, त्याने अभ्यास केला, तो मोठा झाला. आजही शालेय पुस्तकांतील थोरांचे धडे याच साच्यातून निघतात, हा ओकांच्या परंपरेचा प्रभाव फारसा कोणी नोंदवीत नाही.

साचा त्या काळाचाच होता. सॅम्युअल स्माइल्सचे ‘सेल्फ हेल्प’ १८५९ साली लंडनला निघाले आणि पहिल्याच वर्षी त्याच्या वीस हजार प्रती खपल्या. ओकांनी त्याचे अनुकरण केले, असा आमचा दावा नाही. मात्र स्माइल्सने प्रस्तावनेत सांगितलेली हकीकत येथे उपयोगी आहे. लीड्स शहरातील काही गरीब तरुण हिवाळ्याच्या रात्री एकमेकांना शिकविण्यासाठी जमू लागले. संख्या वाढली तेव्हा त्यांनी एक मोठी खोली भाड्याने घेतली. तेथे पूर्वी पटकीचे तात्पुरते रुग्णालय होते, म्हणून ती कोणी घेत नसे. स्माइल्सची व्याख्याने या तरुणांसाठी झाली. पुस्तक त्यांतूनच वाढले. स्वावलंबनाचा हा ग्रंथ असा परस्परसाहाय्यातून जन्मला, ही मौज वाचकांच्या सहसा ध्यानी येत नाही.

चरित्राच्या साच्यात नेमकी ती खोली गळते. ‘बालबोध’ निघाल्यावर वर्षभरातच, १८८२ साली, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. शेतकऱ्याच्या सारातून जमलेला पैसा वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, ही त्यांची तक्रार होती. ज्याला अक्षरओळखच नाही त्याने चरित्र वाचावे कसे? ओकांचा हेतू निर्मळ होता, यात आम्हास शंका नाही. पण त्यांचा वाचक आधीच शाळेत बसलेला होता.

शिरूर अनंतपाळचा हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात. तेथे १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेही उर्दू माध्यमाचे. मराठी मुलाने एकट्याने कितीही यत्न केला तरी आधी त्याला परकी भाषा ओलांडावी लागे. म्हणून मराठवाड्यात स्वोन्नतीची सुरुवात पुस्तकापेक्षा शाळेपासून झाली. १९२१ साली हिप्परग्यास राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ तेथे मुख्याध्यापक झाले आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे कित्येक कार्यकर्ते तेथेच घडले.