बुलढाणा: गावाचीच बदली होते तेव्हा

पुण्यातल्या आयटी कंपनीत नवीन माणूस आला की टपरीवरच्या पहिल्या चहाला एक प्रश्न ठरलेला असतो. "मूळ गाव कुठलं?" सातारा, सांगली, नगर वाल्यांचं काम एका शब्दात होतं. "बुलढाणा" म्हटलं की समोरचा दोन सेकंद थांबतो आणि मग त्याचा चेहरा उजळतो. "अच्छा, शेगावजवळ!" किंवा "लोणार तिकडेच ना?" म्हणजे गाव सोडून गावाच्या आजूबाजूचं सगळं लोकांना माहीत असतं :-)

त्यात माझी पंचाईत अशी की बुलढाणा माझं 'मूळ' गाव नाहीच. वडील सरकारी नोकरीत. त्यांची बदली झाली म्हणून आम्ही तिथे गेलो. सात वर्षं राहिलो, चौथी ते दहावी मी तिथे शिकलो, मग पुन्हा बदलीची ऑर्डर आली आणि ट्रकमध्ये सामान भरून आम्ही निघालो. पण लहानपण म्हटलं की मला जे आठवतं ते तिथलंच. त्याला मूळ गाव म्हणायचं की नाही हे कुठल्याच फॉर्मवर लिहिलेलं नसतं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत बायको आणि मुलीला घेऊन पाच दिवस तिकडे जाऊन आलो. आमचं जुनं क्वार्टर अजून उभं आहे, तिथे आता दुसरं कुटुंब राहतं. बाहेरूनच बघत होतो तेव्हा लेकीने विचारलं, "म्हणजे बाबा, आपण इथले आहोत की नाही?" प्रश्न सरळ होता, उत्तर सरळ नव्हतं. मग पाच दिवस फिरताना डोक्यात तेच चालू राहिलं, की हे गाव इथे आहे कशासाठी, आणि इथले म्हणजे नक्की कोण? त्यातून जे हाती लागलं ते आज लिहितोय.

आधी थोडा भूगोल. मलकापूर स्टेशनला उतरलं की बुलढाणा साधारण ४५ किलोमीटर. मोताळा मागे पडतं, राजूर घाट लागतो आणि घाट चढून गाडी वर आली की हवा बदलते. गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेवर आहे, उंची साधारण ६५० मीटर. जिल्ह्यात आजही लोक दोनच पत्ते मानतात, 'घाटावरचा' आणि 'घाटाखालचा'. घाटाखाली पूर्णेचं खोरं, काळी जमीन, कापूस आणि रेल्वे. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, सिंदखेडराजा, लोणार. पाण्याचीही अशीच वाटणी आहे. घाटाखाली उतरलेलं पाणी पूर्णेतून तापीला आणि पुढे अरबी समुद्राला जातं. घाटावर पैनगंगेत गेलेलं पाणी वर्धा आणि गोदावरीतून थेट बंगालच्या उपसागराला. आम्ही लहानपणी येळगाव धरणाचं पाणी प्यायचो. ते पैनगंगेचंच.

आता प्रश्न असा की जिल्ह्याचं ठाणं घाटावर का? व्यापार खाली, रेल्वे खाली, मग कलेक्टर वर कशाला?

त्यासाठी १८५३ मध्ये जावं लागतं. वऱ्हाड तेव्हा हैदराबादच्या निजामाचं. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या एका फौजेचा खर्च निजामाने द्यायचा अशी व्यवस्था होती, तिचं नाव हैदराबाद कन्टिन्जंट. खर्च थकत गेला, कर्ज वाढत गेलं आणि शेवटी १८५३ च्या तहात वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे गेला. मालक निजाम, वसुली इंग्रजांची. आजच्या भाषेत प्रॉपर्टी गहाण टाकण्यासारखाच हा प्रकार. कंपनीचा डोळा अर्थात कापसावर होता.

पुढे १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडून मँचेस्टरला जाणारा कापूस आटला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. त्याच दशकात रेल्वेची लाइन भुसावळहून नागपूरकडे सरकत होती. ती पूर्णेच्या सपाट खोऱ्यातून गेली. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही स्टेशनं त्याच रांगेतली. खामगावची कापसाची पेठ एवढी मोठी की मुख्य लाइन बाजूने गेली तरी तिच्यासाठी जलंबहून तेरा-एक किलोमीटरचा वेगळा फाटा टाकला. १८७० साली त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. एका तालुक्याच्या गावासाठी व्हाइसरॉय! कापसाची ताकद बघा.

याच काळात, १८६४ च्या सुमाराला, वऱ्हाडचा हा कोपरा तोडून वेगळा जिल्हा केला गेला. आधी त्याला नैऋत्य वऱ्हाड म्हणायचे, मग मेहकर जिल्हा, आणि १८६७ मध्ये मुख्य ठाणं म्हणून बुलढाणा ठरलं. साहेबाला वऱ्हाडचा उन्हाळा झेपत नव्हता आणि इथली हवा थंड, हे त्यामागचं कारण समजायला फार अभ्यास लागत नाही. मे महिन्यात एकदा खामगावहून बुलढाण्याला येऊन बघा, पटेल. गावाचं नाव 'भिल्लठाणा'वरून आलं असं सांगतात. म्हणजे भिल्लांचं ठाणं होतं, तिथे साहेबांचं ठाणं आलं. १९०१ च्या खानेसुमारीत बुलढाण्याची लोकसंख्या चार हजारांच्या थोडी वर आणि खामगावची अठरा हजारांच्या वर होती. पैसा खाली आणि शिक्के वर, असा हा हिशेब.

तर सांगायचा मुद्दा असा की बुलढाणा हे शहर म्हणून वाढलं ते कचेऱ्यांमुळे. कचेरी, कोर्ट, पोलीस, शाळाखातं... आणि कचेऱ्या आल्या की बदल्या आल्या. आमच्या वर्गात दर जूनमध्ये चार-पाच चेहरे गायब व्हायचे आणि चार-पाच नवे यायचे. तेव्हा वाटायचं सगळ्याच शाळा अशा असतात. आता कळतं की गावाचा धंदाच तो होता. दीडशे वर्षं इथे माणसं ऑर्डरवर येतायत आणि ऑर्डरवर जातायत. माझ्यासारखी बुलढाण्याला 'आमचं' म्हणणारी आणि सातबाऱ्यावर कुठेच नसलेली माणसं महाराष्ट्रभर पसरलेली असणार.

पण खरी गंमत पुढे आहे. इथे गावाचीही बदली होते! १८५३ पर्यंत हैदराबाद. मग कंपनी सरकार. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने निजामाकडून वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांच्या कायमच्या भाडेपट्ट्यावर घेतलं आणि १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडलं, म्हणजे राजधानी नागपूर. तरी कागदावर मालकी निजामाचीच. १९३६ मध्ये त्याच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' असा किताबसुद्धा मिळाला. १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्य, १९६० मध्ये महाराष्ट्र. माणूस एकाच ओसरीवर बसून आहे, आणि त्याची राजधानी हैदराबादहून नागपूरला आणि नागपूरहून मुंबईला गेली. त्याला कुणी विचारलं नाही. आमच्या वडिलांना निदान ऑर्डरची कॉपी तरी मिळायची.

आणि ज्या निजामाने हा मुलूख गहाण टाकला, त्याच्या राज्याची सुरुवातच मुळात इथली. हे मला माहीत झालं तेव्हा मी दोनदा वाचलं. सिंदखेडराजा तालुक्यात साखरखेर्डा नावाचं गाव आहे. ऑक्टोबर १७२४ मध्ये तिथे लढाई झाली. एका बाजूला निजामउल्मुल्क, दुसऱ्या बाजूला हैदराबादचा मुघल सुभेदार मुबारिझखान. मुबारिझखान मारला गेला, निजामाचा दख्खनवर ताबा बसला आणि पुढची सव्वादोनशे वर्षं टिकलेल्या हैदराबाद संस्थानाचा पाया पडला. विजयाची आठवण म्हणून गावाचं नाव फत्तेखेर्डा ठेवलं गेलं. नाव टिकलं नाही, लोक साखरखेर्डाच म्हणत राहिले. नंतर १७५७ मध्ये याच परिसरात मराठ्यांनी निजामाला कोंडीत पकडून तह करायला लावला, तोही साखरखेर्ड्याचाच तह. शाळेत असताना आम्ही तिथून एसटीने किती वेळा गेलो असू, पण पुस्तकात हैदराबाद होतं, पुणं होतं, दिल्ली होती. साखरखेर्डा नव्हतं.

तिथून जवळच सिंदखेडराजा. इथे बायको आणि लेक दोघींना राजवाड्याचा दरवाजा बघूनच जे वाटलं ते वेगळं सांगायला नको. जिजाऊंचा जन्म इथला, १२ जानेवारी १५९८ ही तारीख मानली जाते. दर वर्षी त्या दिवशी इथे लाखोंची गर्दी होते. आम्ही गेलो तेव्हा मात्र शांत होतं. राजवाडा, मोती तलाव, लखुजीराव जाधवांची समाधी, सगळं नीट बघता आलं.

समाधीपाशी जे आठवावं लागतं ते जड आहे. लखुजीराव कधी निजामशाहीत, कधी मुघलांकडे असे त्या काळच्या बड्या सरदारांसारखेच वावरले. (ही अहमदनगरची निजामशाही, वरच्या निजामाशी तिचा संबंध नाही.) जुलै १६२९ मध्ये दौलताबादला दरबारात बोलावून त्यांना मुलांसह आणि नातवासह दगा देऊन मारलं. शिवाजी महाराजांचा जन्म फेब्रुवारी १६३० चा. म्हणजे जिजाऊंच्या पोटात बाळ असताना एका दिवसात वडील गेले, भाऊ गेले, भाचा गेला. माहेर म्हणावं असं जे असतं तेच गेलं. वाडा राहिला.

मी हे लेकीला सांगत होतो तेव्हा बायको म्हणाली, "तुला सात वर्षांनी गाव सोडावं लागलं त्याचं तू एवढं मनाला लावून घेतोस. आम्हा बायकांची बदली तर जन्मल्यापासून ठरलेली असते. आम्हाला कोण विचारतं मूळ गाव कुठलं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाहीये.

वाटेत लोणार होतंच. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली. मग ते ज्वालामुखीचं की उल्केचं, यावर दीडशे वर्षं वाद. १९७३ मध्ये 'सायन्स' मासिकात आलेल्या संशोधनाने उल्केच्या बाजूने निकाल लावला. वय आधी सुमारे ५० हजार वर्षं मानत, नंतरच्या मोजणीत ते साडेपाच लाखांच्या पुढे गेलं. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं, कारण खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव, आणि त्याच वर्षी लोणार रामसर यादीत आलं. लेक म्हणाली, "म्हणजे तो दगडपण बाहेरूनच आला होता." बरोबर. जिल्ह्यात सगळ्यात गाजलेला रहिवासी तोच, आणि त्याची मात्र पुन्हा बदली झाली नाही.

मग इथे राहिलं कोण? एक नाव तर घ्यायलाच हवं, कवी ना. घ. देशपांडे (१९०९-२०००). मेहकरला वकिली केली आणि तिथेच आयुष्य काढलं. त्यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशींच्या आवाजात १९३० च्या दशकात रेकॉर्डवर आली आणि घराघरात पोचली. मराठी भावगीताची सुरुवात सांगताना आजही तिचं नाव निघतं. १९८६ मध्ये 'खूणगाठी'ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जिल्ह्याचं ठाणं मेहकरहून गेलं, रेल्वे मेहकरला आली नाही, पण माणूस मेहकरहून हलला नाही आणि आवाज मात्र सगळीकडे गेला.

दुसरा माझा एक वर्गमित्र. चिखली रोडला कृषी केंद्र चालवतो, थोडी शेती आहे. त्याच्या वडिलांच्या वेळी कपाशी होती, आता जास्त करून सोयाबीन. त्याच्या घरी ठेचा, भाकरी, वांग्याचं भरीत असं रीतसर जेवण झालं आणि मी माझी ही बदलीची थिअरी त्याला ऐकवली. तो हसला आणि म्हणाला, "तुमी लोकं बदलीवर येता अन् जाता. मंग एखांद्या दिवाळीले पोरायले दाखवाले आनता. आमी तं इथंच आहो राजेहो, आमचं गावच बदललं."

मला वाटतं सगळ्या इतिहासाचं सार त्यात आलं. गॅझेटियरमध्ये आलेल्यांची आणि गेलेल्यांची नावं असतात. सुभेदार, साहेब, व्हाइसरॉय. जो इथेच राहून दर वेळी नव्या मालकाला सारा भरत गेला त्याचं नाव नसतं. आता समृद्धी महामार्ग आलाय. नागपूर ते शिर्डी २०२२ च्या डिसेंबरात सुरू झाला आणि पूर्ण ७०१ किलोमीटर २०२५ च्या जूनमध्ये. तो मेहकर-सिंदखेडराजावरून, म्हणजे घाटावरून जातो. रेल्वेने दीडशे वर्षांपूर्वी घाटाखालची वाट धरली, रस्ता वर आला. ही गावाची नवी बदली म्हणायची. बढती आहे की नुसतीच बाजूने जाणारी गर्दी, ते मित्रासारखी माणसंच सांगतील.

लेकीला मी एवढंच सांगितलं की आपण इथे राहिलो आणि इथून गेलो, आणि 'इथले' म्हणायचं असेल तर इथे काय काय झालं ते आधी माहीत हवं. तिला ते पटलं की नाही कळलं नाही. शेगावची कचोरी मात्र पटली.

तुमचंही असं एखादं बदलीचं गाव असेल. कुणाचं परभणी, कुणाचं चंद्रपूर. जाल तेव्हा क्वार्टरचा फोटो काढाच, पण जायच्या आधी त्या जिल्ह्याचं गॅझेटियर चाळा आणि गेल्यावर तिथेच राहिलेल्या एकाच्या घरी जेवा. दोन्ही लागतं. आमचं मेहकर या वेळी राहून गेलं. उन्हाळ्यात येऊ का विचारलं, तर मित्र म्हणाला पाण्याची पंचाईत असते, हिवाळ्यातच या. म्हणून जानेवारीची रजा टाकली आहे.