यंत्राचे नृत्य, बाहुलीचे रामायण

#धागा : नर्तकाचे शरीर, यंत्र आणि ओळख यांच्या एका शतकाची कथा

१/ वाशीच्या नाट्यगृहाला विष्णुदास भावे यांचे नाव आहे. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ सादर करणारे भावे मराठी रंगभूमीचे जनक म्हणून सर्वपरिचित आहेत. याच भाव्यांनी लाकडाच्या बाहुल्याही घडवल्या होत्या, हे तितकेसे परिचित नाही. पुढे त्या बाहुल्यांना रामदास पाध्ये यांनी पुन्हा रंगमंच मिळवून दिला.

२/ माणसासारखी हालचाल करणारी बाहुली हे यंत्रच असते. दोरी, सांधे, तोल आणि पडद्यामागचा हात. भाव्यांनंतर सुमारे एका शतकाने मुंबईत याच्या नेमका उलटा प्रयोग झाला. जिवंत नर्तक बाहुल्यांसारखे हालले आणि त्यांनी रामायण उभे केले. दरम्यान आणखी एका नृत्यरचनाकाराने माणसांना कारखान्यातील यंत्राचे भाग करून नाचवले होते. हे दोन नृत्यरचनाकार म्हणजे उदय शंकर आणि शांती बर्धन.

३/ उदय शंकर यांचा जन्म ८ डिसेंबर १९०० रोजी उदयपूरला झाला. घराणे बंगाली, बालपण उत्तर भारतात. १९१८ मध्ये चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले आणि १९२० मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये गेले. मुंबई तेव्हा गिरण्यांची नगरी होती. जानेवारी १९१९ मध्ये येथील एक लाखाहून अधिक गिरणी कामगार संपावर गेले. या संपाचा त्या तरुण चित्रकारावर काय परिणाम झाला, याचा तर्क करण्याचे कारण नाही. यंत्र, मजूर आणि संप हे त्या शहराचे रोजचे वास्तव होते, एवढे मात्र निश्चित.

४/ लंडनमध्ये रशियन बॅले नर्तकी आना पावलोवा यांच्याशी गाठ पडली आणि चित्रकाराचा नर्तक झाला. १९२३ मध्ये पावलोवांच्या ‘राधा-कृष्ण’ या रचनेत उदय शंकर कृष्ण झाले. त्यांनी तोवर कोणत्याही शास्त्रीय नृत्याचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. त्यांची भाषा घडली ती शिल्पे आणि चित्रे पाहून, लोकनृत्यांच्या स्मरणातून. तरीही युरोप त्यांच्याकडे भारतीय नृत्याचा प्रतिनिधी म्हणून पाहत होता. ‘भारतीय’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न त्यांच्या कारकिर्दीला अगदी आरंभापासून चिकटला तो असा.

५/ या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी त्यांनी १९३८ च्या सुमारास हिमालयाच्या पायथ्याशी अलमोडा येथे संस्कृती केंद्र उभारले. कथकळीसाठी शंकरन नंबुद्री, भरतनाट्यमसाठी कंदप्पा पिळ्ळै, मणिपुरीसाठी अमोबी सिंह, संगीतासाठी अल्लाउद्दीन खाँ अशी गुरूंची मांदियाळी तेथे जमली. एकाच विद्यार्थ्याने अनेक परंपरा शिकाव्यात आणि त्यांतून स्वतःची हालचाल शोधावी, ही तिथली पद्धत. पुढे पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत नृत्यदिग्दर्शक म्हणून आलेले गुरुदत्त याच केंद्राचे विद्यार्थी.

६/ अलमोड्याच्या काळातील एका रचनेचे नाव होते ‘लेबर अँड मशिनरी’, म्हणजे श्रम आणि यंत्र. खेड्यातील माणसे कारखान्याकडे ओढली जातात आणि तेथे त्यांच्या शरीराची लय यंत्राच्या लयीत विरून जाते. देवदेवतांच्या आणि राधाकृष्णाच्या अपेक्षेने आलेल्या प्रेक्षकांसमोर नर्तकांची रांग चाके आणि दांडे होऊन फिरू लागली. प्रत्येकाची हालचाल अचूक, प्रत्येकाची सारखी. चेहरा असून नसल्यासारखा.

७/ ही चिंता तेव्हा जगभर होती. १९२३ मध्ये मॉस्कोत निकोलाय फोरेगर यांनी ‘यंत्रनृत्ये’ रचली, तीही यंत्राच्या कौतुकापोटी. १९२७ च्या ‘मेट्रोपोलिस’ आणि १९३६ च्या ‘मॉडर्न टाइम्स’ या चित्रपटांनी यंत्राच्या तालावर झिजणारा मजूर दाखवला. उदय शंकर यांच्या रचनेचे वेगळेपण वसाहतीच्या संदर्भात आहे. येथे यंत्र परक्या सत्तेच्या काळात आले होते आणि त्याबरोबर ‘आपण कोण’ हा प्रश्नही. गांधीजींनी १९०९ मध्ये ‘हिंद स्वराज्य’ या पुस्तकात यंत्रसंस्कृतीवर टीका केली होती. तोच वाद येथे शब्दांवाचून, शरीराने मांडला गेला.

८/ महायुद्ध आणि पैशाची चणचण यांमुळे १९४४ च्या सुमारास अलमोड्याचे केंद्र बंद पडले. उदय शंकर मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत गेले आणि तेथे त्यांनी आपला एकमेव चित्रपट घडवला : ‘कल्पना’ (१९४८). संगीत विष्णुदास शिराळी यांचे. शिराळी हे पं. विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य आणि उदय शंकर यांच्या पथकाचे जुने संगीतकार. कथेत एक कलावंत आपली संहिता एका चित्रपट निर्मात्याला ऐकवतो आणि धंद्याच्या हिशेबात न बसल्याने ती नाकारली जाते. प्रत्यक्षातही ‘कल्पना’ला तिकीटबारीवर यश लाभले नाही.

९/ या चित्रपटात कारखान्याचे नृत्य आहे. अलमोड्याचा रंगमंच गेला, नर्तक पांगले, तरी यंत्राविषयी सावध करणारे ते नृत्य आज पाहता येते. कारण ते कॅमेरा या यंत्राने टिपले. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेल्या सामग्रीवरून इटलीतील बोलोन्याच्या प्रयोगशाळेत ‘कल्पना’चे पुनरुज्जीवन झाले आणि २०१२ मध्ये कान महोत्सवात ती प्रत दाखवली गेली. नव्वदी ओलांडलेल्या अमला शंकर, म्हणजे चित्रपटातील नायिका, त्या वेळी तेथे उपस्थित होत्या.

१०/ आता अंधेरीकडे वळू. २५ मे १९४३ रोजी मुंबईत भारतीय जननाट्य संघ, म्हणजेच इप्टा, स्थापन झाला. त्याचे केंद्रीय पथक अंधेरीत एकत्र राहत असे. अलमोड्याहून आलेले काही नर्तक याच पथकात सामील झाले आणि त्यांत शांती बर्धन (जन्म १९१६, कोमिल्ला) होते. ‘स्पिरिट ऑफ इंडिया’ आणि ‘अमर भारत’ ही नृत्यनाट्ये त्यांनी तेथे रचली. दुसऱ्यासाठी संगीत दिले उदय शंकर यांचे धाकटे बंधू रविशंकर यांनी. याच काळात, १९४४ मध्ये, गिरणगावात अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक उभे राहिले. एकाच शहरात तमाशाचा फड आणि बॅलेचे पथक ही दोन्ही श्रमिकाची गोष्ट सांगत होती.

११/ केंद्रीय पथक विखुरल्यानंतर बर्धन यांना क्षयाने गाठले. ज्या देहावर सारी कला उभी, तोच देह खचला. १९५२ मध्ये त्यांनी मुंबईत ‘लिटल बॅले ट्रूप’ स्थापन केली आणि ‘रामायण’ रचले. त्यात नर्तकांनी मुखवटे घातले आणि कळसूत्री बाहुल्यांसारख्या हालचाली केल्या. कोपर आधी वळते, हात मागून येतो. मान तुटक फिरते. पाऊल जमिनीला टेकते ते जणू वरून कोणी सोडल्यामुळे.

१२/ ‘श्रम आणि यंत्र’मध्ये ठरावीक हालचाल ही माणूसपण हरपल्याची खूण होती. ‘रामायणा’त तशीच ठरावीक हालचाल वेगळे काम करते. मुखवट्यामागचा नर्तक नाहीसा होतो, त्याचे रूप, जात, प्रांत, नाव सारे मागे राहते आणि समोर उरते पात्र. नर्तकाच्या वैयक्तिक सौंदर्यावर वा प्रसिद्धीवर हे नृत्य अवलंबून राहत नाही. यंत्रवत हालचालीचा अर्थ यंत्रात नसतो. दोरी कोणाच्या हाती आहे आणि हालणाऱ्याने ती स्वतःहून स्वीकारली आहे की नाही, यावर तो ठरतो. ‘सूत्रधार’ हा आपल्या नाट्यपरंपरेचा शब्द या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे.

१३/ शांती बर्धन १९५४ मध्ये गेले. त्यांचे ‘पंचतंत्र’ अपुरे होते, ते सहकाऱ्यांनी पूर्ण केले. पथक १९६४ मध्ये ग्वाल्हेरला आणि पुढे भोपाळला गेले. बर्धन यांच्या पत्नी गुल बर्धन यांनी २०१० मध्ये निधन होईपर्यंत ते सांभाळले. ‘रामायण’ टिकले ते एका नर्तकाने दुसऱ्याला शिकवल्यामुळे. जे नृत्य पाहताना यंत्र वाटते, ते जपण्याचे काम माणसांच्या देहांनी केले.

१४/ इतिहासाच्या अभ्यासकासाठी खरा धडा येथे आहे. ‘कल्पना’ हा चित्रफितीवरील पुरावा आहे. तो बदलत नाही, पण कॅमेऱ्याची चौकट आणि संकलकाची कात्री यांच्या पलीकडचे काही दाखवत नाही. ‘रामायण’ हा देहातील पुरावा आहे. तो संपूर्ण असतो, पण प्रत्येक पिढीगणिक किंचित बदलतो आणि शिकणारे थांबले की एका पिढीत संपतो. दोन्ही पुराव्यांना प्रश्न विचारावे लागतात, परंतु एकच प्रश्न दोघांना विचारून चालत नाही.

१५/ उदय शंकर यांनी १९७० मध्ये कोलकात्यात ‘शंकरस्कोप’ सादर केले. पडदा आणि रंगमंच एकत्र, चित्रफितीतील माणूस प्रत्यक्ष मंचावर अवतरतो. अशी कल्पना प्राग येथील ‘लातेर्ना मागिका’ने १९५८ च्या ब्रुसेल्स प्रदर्शनात जगाला दाखवली होती. १९९९ मध्ये अमेरिकेत मर्स कनिंगहॅम यांच्या ‘बायपेड’मध्ये संगणकाने टिपलेल्या हालचालींच्या आकृती जिवंत नर्तकांसोबत नाचल्या. साधने बदलत गेली. नर्तकाची हालचाल त्याच्या देहापासून वेगळी करून साठवता आली, तर ती कोणाची, हा प्रश्न मात्र दर वेळी नव्याने उभा राहिला.

१६/ आज मोबाइलच्या पडद्यावर एकाच गाण्यावर हजारो देह एकच हालचाल करतात. त्या हालचालीचा मूळ रचनाकार बहुधा कोणालाच ठाऊक नसतो. ‘श्रम आणि यंत्र’ची रांग आणि ‘रामायणा’तील मुखवटे यांच्यामध्ये कुठेतरी हे दृश्य बसते. ते नेमके कुठे, हे ठरवण्याआधी ‘कल्पना’तील कारखान्याचा प्रसंग एकदा पाहावा आणि नर्तकांच्या चेहऱ्यांकडे लक्ष द्यावे.

(धागा समाप्त)